पडले की पाडले

लिहायला बसलो आहे, याबद्दल वाचकांनी आधी मला माफ करावे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कागदाला हात लावला असेल, तर तो अंगठा उठवण्यापुरता. शिवाय 'मुले का बिघडतात' हा विषय मोठ्या विद्वानांचा; मी अजून बी. ए.च्या चौथ्या, शेवटच्या वर्षात धडपडणारा. पण आमच्या रत्नागिरीत ज्या विद्वानांनी हा विषय हाती घेतला, त्यांच्या सभांना मी हजर होतो. माझा अधिकार म्हणायचा तर तेवढाच.

कॉलेजचे पहिले वर्ष संपवून मी घाटावरून सुट्टीला घरी आलो होतो. आमचे घर शहराबाहेर, हातखंब्याच्या रस्त्याला. वडील बैलगाडीने आंब्याच्या पेट्या बंदरावर पोचवत. त्याच उन्हाळ्यात शहरातल्या काही प्रतिष्ठितांनी बिघडलेल्या मुलांना सुधारण्यासाठी एक मंडळ काढले. अध्यक्ष एक नामांकित वकील. त्यांच्या जोडीला एक पेन्शनर हेडमास्तर आणि एक डॉक्टर. "बहुजन समाजातला शिकलेला एक तरी हवा," असे ठरले आणि मला सहचिटणीस केले. खुर्च्या तीनच होत्या, म्हणून मी जाजमावर बसत असे.

पहिल्याच सभेत एक अडचण उभी राहिली. शहरात बिघडलेला मुलगा मिळेना. व्रात्य मुले पुष्कळ होती, पण ती सभासदांचीच होती. तेव्हा मुलगा मिळेपर्यंत कारणांची चर्चा करावी असे ठरले.

हेडमास्तर म्हणाले, "चहा आणि केसांचा भांग. ही दोन आली आणि मुलांची नीती गेली."

"पोटात जंत," डॉक्टर म्हणाले. "पोट साफ तर मन साफ. मी मुंबईहून औषध मागवतो."

वकीलसाहेबांचे मत पडले की बाप मुंबईला आणि आई अडाणी, हे मूळ कारण. मग त्यांनी सहज माझ्याकडे पाहिले. मी भीतभीत म्हणालो, "कधीकधी भूकही असेल."

हेडमास्तर प्रेमाने म्हणाले, "बाळ, ते अर्थशास्त्र झाले. आपला विषय नीतिशास्त्र आहे."

यानंतर आंबे आले. आंबे खाताना मंडळी रंगात आली. डॉक्टर लहानपणी शेजाऱ्याच्या कलमावर चढून आंबे कसे पाडत आणि एकदा धोतर फांदीला अडकून कसे लोंबकळले, ते त्यांनी उभे राहून करून दाखवले. हेडमास्तरांना हसता हसता ठसका लागला. या आठवणीचा मंडळाच्या कामाशी काही संबंध आहे, असे कोणाला वाटले नाही. मलाही तेव्हा वाटले नाही, मीही हसलो.

आठ-दहा दिवसांत मुलगा मिळाला. तो आमच्याच वाडीतला निघाला.

बारा वर्षांचा असेल. बाप मुंबईला गिरणीत; आधी पैसे पाठवी, मग निरोप पाठवी, मग तेही थांबले. आई लोकांच्या शेतावर राबे, पण त्या महिन्यात हिवतापाने अंथरुणाला खिळली होती. पोरगा पहाटे उठून एका बागेत पडीचे आंबे वेचायला गेला.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आंबा झाडावर असेतो धन्याचा. वाऱ्याने किंवा वटवाघळाने खाली आला, की ज्याला सापडेल त्याचा. त्याला आम्ही पडीचा आंबा म्हणतो. पोरे पहाटे पडी वेचतात, आणि धनी समोरून आला तरी "किती गावले रे?" एवढेच विचारतो. पण त्या वर्षी ती बाग एका परक्या व्यापाऱ्याने घेतली होती. त्याने घाटावरचा राखणदार ठेवला. पडी हा शब्दच त्या बिचाऱ्याने कधी ऐकला नव्हता. त्याने पोराला आंब्यांसकट पकडून चौकीवर नेले.

मंडळाची तातडीची सभा भरली. सगळ्यांचे चेहरे उजळले होते. बाप मुंबईला, आई अडाणी, केस वाढलेले. जंत तपासायचे राहिले होते, पण डॉक्टरांना खात्री होती. मी पडीची चाल सांगितली.

"म्हणजे तो गुन्हेगारच नाही म्हणता?" हेडमास्तरांनी विचारले. आवाजात खरेच दुःख होते.

"नाही, गुरुजी."

"पहिलाच मुलगा, आणि तोही निर्दोष!"

वकीलसाहेबांनी थोडा विचार केला. "निर्दोष असला तरी गरजू आहे," ते म्हणाले. "मी स्वतः उभा राहतो त्याच्यासाठी. एक पैसा घेणार नाही."

मला वाटले, सुटलो. तसे त्याच्या आईलाही जाऊन सांगितले. ती घोंगडी बाजूला सारून उठून बसली. "मोठा वकील? फुकट? भाऊ, देवच पावला म्हणायचा."

खटल्याच्या दिवशी ती अंगात ताप घेऊन चालत कचेरीत आली. मॅजिस्ट्रेट मराठी मुलखातले नव्हते. पोराचे बोलणे त्यांना समजावून द्यायला एक कारकून होता. तो देशावरचा. आमचा हेल त्याच्या कानाला कधी बसला नाही. घाटावर माझे सोबती माझ्या बोलण्याला हसत, त्यामुळे त्याची अडचण मी समजू शकत होतो.

"आंबे घेतलेस?" कारकुनाने विचारले.

"व्हय," पोरगा म्हणाला.

"कसे घेतलेस?"

"पडले ते घेतले."

कारकून साहेबांकडे वळला. "पाडले आणि घेतले, म्हणतो."

"नाय ओ!" पोरगा ओरडला. "पडले! पडले!"

"तेच सांगतोय ना मी! पाडले. किती वेळा कबूल करशील?"

मागे बसलेली माणसे हसली. मी हात वर केला. दोन पावले पुढे झालो. "साहेब, तो पडले म्हणतो आहे, पाडले नव्हे. यात फार फरक आहे."

"तुम्ही वकील आहात?" साहेबांनी विचारले.

"नाही. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आहे."

"मग खाली बसा."

मी बसायला बाक शोधू लागलो, तर पुन्हा हशा झाला. आमच्या वकीलसाहेबांकडे पाहिले. त्यांचा जन्म रत्नागिरीतच गेलेला. पडले कोणते आणि पाडले कोणते, त्यांना काय कळत नव्हते? पण ते भाषणाच्या तयारीत होते.

साहेब तसे दयाळू असावेत. ते म्हणाले, "लहान आहे. चार छड्या देऊन सोडून द्या."

पोराच्या आईने दोन्ही हात जोडले. प्रकरण तिथेच मिटत होते. तेवढ्यात आमचे अध्यक्ष उठले.

"महाराज, छडीने चामडी सुधारते, मन नाही! हा बालक अपराधी नाही, परिस्थितीचा बळी आहे. त्याला या परिस्थितीतून बाहेर काढा. सुधारशाळेत धाडा. समाज त्याची जबाबदारी घेतो!"

भाषण फार सुंदर झाले, असे सगळे म्हणाले. साहेबांवरही परिणाम झाला. त्यांनी दयेच्या भरात पोराला तीन वर्षांसाठी घाटावरच्या सुधारशाळेत धाडले.

परिस्थिती खाली दाराशी बसली होती. ती एकदम पुढे आली. "मारा ओ त्याला! माझ्यासमोर मारा, किती मारायचा तेवढा मारा! पण घरी द्या माझा पोर!"

"पाहिलेत?" हेडमास्तर माझ्या कानाशी म्हणाले. "मारा म्हणते. अशा आईजवळ मूल सुधारणार कसे?"

पुढच्या सुट्ट्यांत मी घरी आलो की ती आमच्या अंगणात येऊन बसे. "भाऊ, तुझी कॉलेजं घाटावर, त्याची शाळा घाटावर. दिसला का रे?" घाट म्हणजे तिला एखादी वाडी वाटे. मी मंडळात चौकशी करी. वागणूक उत्तम, सुतारकाम शिकतो, असे उत्तर मिळे. एका सुट्टीत मी विचारले, वागणूक उत्तम असेल तर लवकर सुटेल का? डॉक्टर म्हणाले, "तीन वर्षांत एवढा सुधारतो, तर सहा वर्षांत केवढा सुधारेल! आम्ही मुदत वाढवून मागण्याच्या विचारात आहोत." हे मी तिला सांगितले नाही. ती मात्र दर खेपेला थोडी वाळलेली दिसे, आणि मी परत निघालो की चिंचेची गोळी देई. "दिसला तर दे त्याला."

मुदत वाढली नाही. सरकारला तेवढा खर्च परवडेना, म्हणून महिनाभर आधीच त्याला सोडत आहेत असे कळले. उलट त्याच्या सुटकेचा समारंभ करायचे मंडळाने ठरवले. मुलगा मुंबईवरून बोटीने येणार म्हणून बंदरावर हार, लेझीम, हेडमास्तरांचे भाषण, आणि पोराने चार शब्दांत समाजाचे आभार मानायचे. माझी परीक्षा चालू होती, मला कॉलेज सोडून येता आले नाही. नंतर मंडळाकडून काही कळले नाही. घाटावर भेटलेल्या वाडीतल्या एकदोघांनी सांगितले की त्यांच्या खोपीचे दार उघडे आहे आणि आत कोणी नाही. कोणी म्हणाले म्हातारी गेली. ती म्हातारी नव्हती, पण गेली म्हणजे वारली की काय, हे मी पुन्हा विचारले नाही. कोणी म्हणाले पोरगा आलाच नाही, वाटेत पळाला. मंडळाच्या वार्षिक सभेत तो 'बेपत्ता' ठरला, आणि सुटलेल्या मुलांवरही नजर ठेवणारी एक उपसमिती नेमली गेली, असे मात्र पक्के कळले.

या मे महिन्यात मी घाट उतरून आलो. वडील हातखंब्याला गाडी घेऊन न्यायला आले होते. गाडीत बसल्या बसल्या मी पहिला तोच प्रश्न विचारला.

वडील कमी बोलतात. बैल रस्त्याला लावून म्हणाले, "तुला कोण बोलला नाय? अरे, मंडळी बंदरावर बोटीची वाट बघत, न् हा घाटातनं मोटारीने हातखंब्याला उतरला. तिथून चालत घरी. मी पेट्या टाकून परत येत होतो, तर हा आयशीला पाठुंगळी घेऊन रस्त्याला. तिला चालवत नव्हता. मीच त्यांना गाडीत घालून हातखंब्याला सोडला."

"कुठे गेले?"

"राजापुराला. तिथं कोण सुताराकडे कामाला लागलाय. परवा तिकडचा माणूस भेटला बाजारात." वडिलांनी बैलांना चुचकारले. "ती आता हिंडूफिरू लागली म्हणत होता. ताप नाय. पोरगा सकाळी भाकरी बांधून कामाला जातो, न् ती दारात बसून त्याची वाट बघते."