सायलेन्सर बदलल्यानंतरचा सोमवार

आमची गाडी म्हातारी आहे हे मला मान्य आहे, पण तिला कोणी खटारा म्हटलं की माझं डोकं फिरतं. वडिलांनी निवृत्तीनंतर एका कंत्राटदाराकडून ती सेकंडहँड घेतली होती. उंच, रुंद, डिझेलवर चालणारी, कपाटासारख्या दारांची. वडील गेले, गाडी राहिली. विकून टाका मॅडम, असं नामपल्लीच्या आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं. मी विकली नाही त्याचं कारण माझी माय. तिचे गुडघे वाकत नाहीत. बुटक्या गाडीत तिला बसवणं म्हणजे घडी न होणारी खाट डिकीत कोंबणं. या गाडीच्या दाराशी पाट ठेवला की ती त्यावर चढते, पाठमोरी होते आणि सीटवर टेकते. मग मी तिचे पाय उचलून आत घेते. आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस असतं, आणि तिला सकाळची पहिली पाळी मिळालेली असल्यामुळे साडेपाचलाच निघावं लागतं.

अंबरपेठेतली आमची गल्ली अशी, की समोरासमोरच्या घरांतल्या बायकांनी हात लांब केले तर साखरेची वाटी रस्त्यात न उतरता पलीकडे जाते. गाड्या सगळ्यांनी बाहेरच्या मैदानात लावायच्या, असा गल्लीचा रिवाज आहे. आमच्या गाडीला तेवढी दारापर्यंत यायची सूट होती, मायला चढवण्या-उतरवण्यापुरती. ती कोणी लिहून दिलेली नव्हती. कोणी नाक मुरडलं असतं तर सूट संपली असती, आणि मायला कोपऱ्यापर्यंत चालत जावं लागलं असतं. आता ती न्हाणीपर्यंतसुद्धा भिंत धरून जाते.

अशात सायलेन्सर गेला. आधी नुसती घरघर होती. गॅरेजच्या मिस्त्रींनी वेल्डिंग करून ठिगळ लावलं, पुढे ठिगळाला ठिगळ लावलं, आणि शेवटी, ‘इसमें अब लोहाच नै बचा, वेल्डिंग किसकू करूँ?’ असं म्हणून हात झटकले. त्यानंतर गाडी सुरू केली की गल्लीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. मायला त्याचं काही नव्हतं. तुझ्या बापाचं घोरणं याहून मोठं होतं, त्यात मी चाळीस वर्षं झोपले, एवढंच ती म्हणायची.

मला मात्र दर खेपेला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. किल्ली फिरवली की शेजारच्या माडीवर दिवा लागायचा आणि निवृत्त तेलुगू मास्तर सज्जात येऊन उभे राहायचे. अंगात बनियन, हातात काही नाही, तोंडातून शब्द नाही. गाडी वळेपर्यंत नुसते बघत राहायचे. समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरातही त्याच वेळी उजेड व्हायचा आणि जाळीतून त्यांचं डोकं दिसायचं. काकू मूळच्या बिदरकडच्या, शेतकरी घरातल्या; घरात मराठी बोलणाऱ्या, पण मायला ‘अक्का’ म्हणणाऱ्या. त्या भल्या आहेत. तरी पहाटेची झोप मोडली तर भल्या माणसाचाही भलेपणा किती दिवस पुरेल? चोराच्या मनात चांदणं. एखाद दिवशी मास्तर खाली येतील आणि हळू आवाजात सांगतील, अम्मा, गाडी बाहेरच उभी करत जा. ते हळू आवाजात सांगतील याचीच मला जास्त भीती वाटायची.

मग एका शनिवारी मी सायलेन्सर आणायला निघाले. कंपनीचा सायलेन्सर मागवून मिळत होता, पण तो घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मायच्या औषधांच्या महिन्यात तो बसणारा नव्हता. तेव्हा उरली ती कोठी बाजाराच्या पलीकडची स्पेअर पार्टची दुकानं. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे मी जुन्या पाइपाला दोरा गुंडाळून गाठ मारून घेतली होती, ब्लाउजचं माप घेतात तशी. सायलेन्सरची लांबी दुसऱ्या दोऱ्यावर. दुकानात पर्समधून दोरे काढले तेव्हा काउंटरवरचे बाबा आधी दोऱ्यांकडे आणि मग माझ्या मागे बघायला लागले. भाईसाब नाही आले का, म्हणून त्यांनी विचारलं. भाईसाब नाहीतच, मीच आहे, असं मी म्हटलं, आणि जरा चढ्याच आवाजात म्हटलं. त्यांनी निमूटपणे स्टूल पुढे केलं.

मग त्यांनी विचारलं, “आवाज होना, कि नक्को?”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या तरुण पोरांना आवाजच हवा असतो, चांगला सायलेन्सर काढून बोंबलणारा लावून घेतात.

“नक्को,” मी म्हटलं. “बिल्कुल नक्को. गल्ली झोपलेली राहायला पाहिजे.”

त्यांनी एकेक सायलेन्सर काउंटरवर मांडला. पहिला जुन्या गाडीवरून उतरवलेला, घासूनपुसून चकचकीत केलेला. मी तो हलवून पाहिला, तर आत गंजाचे तुकडे खुळखुळ्यासारखे वाजले. दुसरा नवा, सगळ्यांत स्वस्त, साध्या पत्र्याचा, वरून चंदेरी रंग. नखाने खरवडला तर रंग नखात आला. तिसरा स्टेनलेस स्टीलचा, जन्मभर टिकणारा. एवढा टिकाऊ घेऊन करू काय, गाडीच तेवढी टिकणार नाही. चौथा इथल्याच कारखान्यातला, ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या पत्र्याचा, हाताला जड. बाबांनी तो उचलून माझ्या डोळ्यांसमोर दुर्बिणीसारखा धरला. आधीच्या एकातून पलीकडचा रस्ता दिसला होता. यातून काही दिसेना. आत आडवे पडदे होते. रस्ता दिसला की आवाजही सरळ बाहेर जातो, नाही दिसला की तो आत अडखळत, दमत जातो, असं त्यांनी समजावलं. मला ते पटलं. शिवणीवरून बोट फिरवलं, कुठे अडकलं नाही. दोरे लावून पाहिले, दोन्ही गाठी जुळल्या. घासाघीस केली नाही असं नाही, पण शेवटी त्यांनी रबरी पट्टे आणि क्लँप वर दिले आणि अम्माजींना सलाम सांगा म्हणाले. माय आजारी आहे हे मी त्यांना कधी सांगून बसले, ते मलाच आठवत नाही.

रविवारी दुपारी मिस्त्रींनी तो बसवला. गाडी सुरू केली आणि मला वाटलं सुरूच झाली नाही. नुसती गुणगुण. मिस्त्री बोनेटवर हात ठेवून, अब सोरई है, आता झोपली, म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या दुकानासमोर उगाच दोन चकरा मारल्या. तशीच येऊन गाडी मैदानात लावली. गल्लीत कोणाला सांगितलं नाही. यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटलं. शिवाय माझं लक्ष मायकडे होतं. तो आठवडा तिला वाईट गेला होता. दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आणि घरी आल्यावरही ती रोजच्यासारखी ओट्यावर बसली नव्हती. काकू दोनदा डोकावून गेल्या तेव्हा झोपलेलीच होती.

सोमवारी पहाटे गाडी दाराशी आणली. मायला पाटावरून चढवलं, पाय आत घेतले, कुलूप लावलं, निघाले. मास्तरांच्या माडीवर अंधार होता. काकूंची जाळीही अंधारी. सगळी गल्ली गाढ झोपलेली होती, आणि मी मनातल्या मनात कोठीच्या बाबांना दुवा देत होते. मायने खिडकीतून वर पाहिलं.

“आज मास्तर न्हाईत गं?” ती म्हणाली.

झोपू दे बिचाऱ्यांना, मी म्हटलं.

दवाखान्यात गेल्यावर लक्षात आलं की फोन घरी चार्जिंगलाच राहिला. एक दिवस फोन नाही तर नाही. मायला मशीनवर चढवलं आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून मी चक्क डुलकी काढली.

परतताना ऊन वर आलं होतं. गल्लीच्या तोंडाशी वळले आणि पाहिलं, तर आमच्या दारासमोर लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. मास्तर एका खुर्चीवर, पांढरा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसलेले. किराणावाले उभे. दोन-तीन बायका डोक्यावर पदर घेऊन आमच्या ओट्यावर. गाडी त्यांच्या पाठीमागे येऊन थांबली तरी एकाचीही मान वळली नाही, कारण कोणाला ती ऐकूच आली नाही.

मायने काच खाली केली आणि त्यांच्याकडे बघून मला विचारलं, “कोन गेलं गं?”

तिच्या आवाजाने मास्तर पहिल्यांदा वळले. ते उठले आणि खुर्ची मागे पडली. आमच्या दारापाशी उभ्या असलेल्या काकूही वळल्या. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता. मायला बघून त्यांनी तो पटकन पदराआड घेतला आणि तिथेच रडायला लागल्या. रडता रडता मलाच ओरडल्या.

“गाडी वाजली न्हाई,” त्या म्हणाल्या. “रोज वाजती, आज वाजली न्हाई. दाराला कुलूप, आत फोन वाजतोय. आम्ही काय समजायचं?”

मग हळूहळू सगळं कळलं. आमच्या गाडीच्या आवाजाने ही माणसं उठत होती, हे मला माहीत होतं. पण उठून ती काय करत होती, ते माहीत नव्हतं. माय पाटावर नीट चढली की नाही हे बघायला मास्तर सज्जात यायचे. चढली की आत जाऊन बायकोला सांगायचे, आज स्वतः चढली, किंवा आज पोरीने उचललं. काकू चहा टाकायच्या तो आमची गाडी वळल्यावर. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्या सोमवारी आवाज आला नाही, कुलूप दिसलं, आणि सगळ्यांनी एकच अर्थ काढला: रात्रीतून दुसऱ्या गाडीने नेलं असणार, आणि नेलं ते परत यायला नाही. मैदानात आमची गाडी आहे का, हे बघायचं कोणाला सुचलं नाही. मास्तरांनी घरातल्या खुर्च्या आणून मांडल्या, माणसं येतील म्हणून. आमच्या बुद्धविहारात निरोप द्यायचा की माझी वाट बघायची, यावर चर्चा चालली होती.

मायला उतरवून त्यातल्याच एका खुर्चीवर बसवलं. ती काकूंच्या पदराकडे बघत होती.

“डब्यात काय हाये?”

“काई न्हाई, अक्का.”

“पिठल्याचा वास येतोय.”

काकूंनी पदर आणखी ओढून घेतला. मी मायकडे पाहिलं. ज्या घरात माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, आणि शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून द्यायची असते. कडू घास म्हणतात त्याला. काकूंच्या सासूबाई होत्या तोवर त्या घरात आम्हाला पाणी वरून ओतून मिळायचं. आणि आज त्या घरची सून माझ्यासाठी सकाळपासून भाकरी थापून, दाराशी ताटकळत उभी होती, मी एकटी उपाशी राहू नये म्हणून.

मायने हात पुढे केला. “आन हिकडं. माझ्या नावाचा घास हाये, मीच खाते.”

काकू नको नको म्हणत होत्या, अपशकुन असतो म्हणत होत्या. मायने फडकं सोडलं, भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि खाल्ली. तिला मीठ मना आहे. काकूंनी माझ्यासाठी म्हणून नेहमीसारखं घातलं होतं. मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. किती महिन्यांनी ती चवीने खात होती. दुसरा घास घेऊन ती काकूंना म्हणाली, लसूण जरा कमी पडला, खऱ्या टायमाला जास्त घाल. ओट्यावरच्या बाया आधी दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तरांना मराठी येत नाही, पण तेही हसले आणि चष्मा पुसू लागले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. इतकी वर्षं या गल्लीत मी मान खाली घालून गाडी आणत होते, आणि ही माणसं माझ्या मायची वाट राखत होती. उरलेली भाकरी मी खाल्ली. कडू नव्हती.

त्या संध्याकाळी मी मास्तरांकडे गेले आणि नवा सायलेन्सर बसवला आहे, आता तुमची झोप मोडणार नाही, असं तेलुगूत सांगितलं. त्यांनी मान हलवली. बरं झालं, म्हणाले, पण चेहरा काही तसं सांगत नव्हता.

बुधवारी पहाटे मी गाडी दाराशी आणली. निघताना एकदा हॉर्न वाजवायचा, असं मायने बजावलं होतं. तिचे पाय आत घेतले, स्टिअरिंगवर बसले, हॉर्नवर हात ठेवला आणि वर पाहिलं. माडीवरचा दिवा आधीच लागलेला होता. मास्तर सज्जात बनियनवर उभे होते. समोर काकू जाळीमागे नव्हत्या, दारातच आल्या होत्या, डोळे चोळत. मायने त्यांना काचेतून हात केला.

मी हॉर्न वाजवला नाही. दोन्ही घरांत आता पाच वाजताचा गजर लावतात.