चाचा कोणत्या चौकटीत?

फळ्यावर चौकट उभी राहिली की मालकांचा हात वर जायचा. शाळकरी पोराचा जातो तसा नाही. वरातीत बँड थांबवायला करतात तसा, तळवा पुढं धरून. सर बोलता बोलता थांबायचे. मालक उठायचे, शर्ट खाली ओढायचे आणि विचारायचे, "सर, ह्यात माणूस कुठं बसवायचा?"

एमबीएची दोन वर्षं मी हा प्रश्न ऐकला. उत्तरंही पुष्कळ ऐकली. अडचण तीच झाली.

मालक आमच्या वर्गात शिकायला होते, शिकवायला नव्हते. चाळिशी ओलांडलेली, केसांना मेंदी, खिशाला दोन पेनं. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या मॅडमनी त्यांना विचारलं, मुलाच्या ॲडमिशनला आलात का. "नाय, माझंच हाय," म्हणाले आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. पैठण गेटजवळ त्यांचा लग्नाचा बँड होता, पितळी वाद्यांचा, मरून कोटांचा. वडिलांनी उभा केलेला. सगळा वर्ग त्यांना मालक म्हणायचा, मग सरही म्हणायला लागले. गंमत म्हणजे मालकांना स्वतःला एकही वाद्य यायचं नाही. "बापानं मला बुकिंग घ्यायला शिकवलं, फुंकायला नाय," असं ते खुशाल सांगायचे.

मी बिडकीनची. बाप गवंडी, आई ब्लाउज शिवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी न विचारताही सांगते. वर्गात माझा पहिला नंबर असायचा. त्यामुळं मालक मधल्या सुट्टीत माझ्याकडं यायचे, "ताई, तुम्ही हुशार. सरांचं म्हणणं जरा सोपं करून सांगा." मी सांगायचे. ते ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं. मग चाचांचं काय?"

आता चाचांचं सांगते, कारण मालक एमबीएला आले ते चाचांपायी.

तुम्ही वरातीतला बँड पाहिला असेल. दोन रांगा, पुढं ट्रम्पेट, क्लॅरनेट, मागं ढोल-ताशा. त्या रांगेतले सगळेच वाजवत नसतात, हे तुमच्या कधी लक्षात आलंय? माझ्या आलं नव्हतं. गिऱ्हाईक बुकिंगच्या वेळी आधी विचारतं, माणसं किती? रांग लांब दिसली की लग्न मोठं दिसतं. म्हणून प्रत्येक बँडमध्ये एकदोन जण नुसते उभे असतात. कोट घालतात, वाद्य तोंडाला लावतात, चालतात. आमच्या मालकांकडं असे एकच, चाचा. मालकांच्या वडिलांच्या वेळचे क्लॅरनेटवाले. अर्धा बँड त्यांच्या हाताखाली शिकला. पुढं दात गेले, कवळी बसेना, फुंकर निसटायला लागली. तरी ते पहिल्या रांगेत, त्यांच्या ठरलेल्या जागी उभे राहायचे.

मी त्यांना पाहिलं ते मनुष्यबळाच्या विषयाचा प्रोजेक्ट होता तेव्हा. आमच्या गटाला कामगारांचं मूल्यमापन करायचं होतं आणि मालक म्हणाले, माझा बँड घ्या. दुकानात चाचा खुर्चीवर बसून फडक्यानं क्लॅरनेट पुसत होते. मी जरा ऐटीतच विचारलं, चाचा, तुमचं काम काय?

"खडा रहना," चाचा म्हणाले.

आणखी काही? त्यांनी विचार केला. "सीधा खडा रहना."

सोबतची पोरं हसली. चाचाही हसले, तोंडावर हात धरून. मग मागं कुणीतरी ट्रम्पेटवर एक जुनं गाणं धरलं आणि चाचांनी क्लॅरनेट ओठाला लावली. आवाज आला नाही. पण बोटं मात्र चालत होती, गाण्याच्या प्रत्येक वळणाला बरोबर. मी ट्रम्पेट ऐकत होते आणि चाचांच्या बोटांकडं बघत होते, आणि थोड्या वेळानं मला कळेना की आवाज नक्की कुठून येतोय.

मूल्यमापनात एक पद्धत असते. माणसाला साहेबानंच नाही, तर बरोबरच्यांनीही मार्क द्यायचे. आम्ही बँडमधल्या एकेकाला विचारलं. सगळ्यात जास्त मार्क चाचांना पडले. जो वाजवतच नाही, तो पहिला. आम्ही निकाल मालकांसमोर ठेवला. मालकांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "ताई, हे आता लईच अवघड करून ठिवलं तुम्ही."

अवघड का, तर मालक एमबीएला यायच्या आदल्या सीझनला एक गोष्ट झाली होती. चिकलठाण्याच्या एका लॉनवरच्या लग्नात नवरीच्या भावानं चाचांच्या तोंडाजवळ मोबाईल नेऊन व्हिडिओ काढला. गाल फुगत नाहीत, हवा जात नाही, फक्त बोटं. खाली लिहिलं, बँडवाले असे फसवतात. तो व्हिडिओ फिरला. त्या घरातलं पुढचं लग्न डीजेकडं गेलं. बँडमधली तरणी पोरं, पुढं ज्यांनी चाचांना मार्क दिले तीच, मालकांना म्हणाली, चाचांना घरी बसवा, नाहीतर आमच्याकडंही लोक मोबाईल घेऊन येतील. चाचांना तो व्हिडिओ कुणी दाखवला नाही. प्रत्येक सीझन सुरू व्हायच्या आत मालकांना ठरवायचं असायचं, चाचा रांगेत राहणार की नाही. घरात विचारायला मोठं कुणी उरलं नव्हतं. म्हणून ते आम्हाला विचारत होते.

आम्ही काय शिकत होतो ते ऐका.

धोरणाच्या तासाला सरांनी फळ्यावर चार चौकटी काढल्या. धंद्यातली प्रत्येक गोष्ट यातल्या एकीत बसते म्हणाले. तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा. ज्याची वाढही नाही आणि बाजारही नाही, तो कुत्रा. तो काढून टाकायचा. मालकांचा हात वर गेला.

"सर, आमचे चाचा ह्यात कुठं?"

"तुमच्या सांगण्यावरून, कुत्रा."

वर्ग हसला. मालक उभेच. "माणसाला कुत्रा कसं म्हणावं, सर?"

"माणसाला नाही म्हणत आपण. उत्पादनाला."

"चाचा उत्पादन थोडीच हायेत."

"मग ते या चौकटींत येतच नाहीत."

"तेच म्हणतो सर. मग बसवायचे कुठं?"

सरांनी घड्याळ बघितलं.

मार्केटिंगच्या मॅडमनी वेगळंच सांगितलं. गिऱ्हाईक फक्त वस्तू घेत नाही, वस्तूचं दिसणं घेतं, खोक्यासकट घेतं. लांब रांग हे तुमचं वेष्टन आहे, म्हणाल्या. मालक खूश झाले. आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, "चाचा पॅकिंगमध्ये बसले." चहा पाजला. पुढच्या आठवड्यात नीतिशास्त्राचा तास झाला. त्या सरांनी सांगितलं, जे नाही ते आहे म्हणून विकणं ही फसवणूक. मालकांचा चेहरा उतरला. मग सामाजिक जबाबदारीचा धडा आला. मालकांनी मान वर केली, म्हातारा माणूस सांभाळणं यात बसत असेल. मॅडम म्हणाल्या, ती जबाबदारी बाहेरच्या लोकांसाठी, आपल्याच कामगारांसाठी नाही. "म्हणजे दुसऱ्याच्या बँडमधले चाचा मी सांभाळले तर चालतंय?" मालकांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच माहिती हवी होती.

आणि मी? मी ज्या विषयाचा पेपर जवळ असेल त्याचं उत्तर द्यायचे. खर्चाच्या पेपराआधी मी म्हणाले, काढा. संघटनेतल्या माणसांच्या वागण्याचा पेपर होता तेव्हा म्हणाले, ठेवा, बाकीच्यांचं मनोबल टिकेल. दोन्ही पेपरांत मला चांगले मार्क पडले.

शनिवारी घरी गेले की आई मशीनवरून विचारायची, "काय गं, एमबीएत काय शिकवत्यात?" मी सांगायचे, व्यवस्थापन. "म्हंजी?" म्हणजे कुठं काय करायचं ते ठरवणं. "मंग तुमच्या त्या बँडवाल्याचं ठरलं का?" आईला मालकांची सगळी हकीकत ठाऊक होती. नाही ठरलं, म्हणायचे. आई पायडल मारायला लागायची.

शेवटच्या सेमिस्टरला मालकांनी आपल्याच बँडवर प्रबंध केला. बांधणी छान, वर सोनेरी अक्षरं. शेवटचं प्रकरण शिफारशींचं असतं. सर त्यांना महिनाभर सांगत होते, मालक, एक वाक्य लिहा, ठेवा किंवा काढा, दोन्हीला मार्क आहेत. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. माझी झाली होती, मी दारात थांबले होते. परीक्षकांनी पानं उलटली आणि विचारलं, शिफारशीचं पान कोरं का?

मालक उठले. शर्ट खाली ओढला.

"सर, तेवढंच शिकायला मी दोन वर्षं आलो होतो."

परीक्षकांनी आमच्या सरांकडं बघितलं. सरांनी पंख्याकडं. कुणी हसलं नाही. मग परीक्षक म्हणाले, बसा, बसा. आणि आवाज बदलून विचारलं, "ते चाचा आता कसे आहेत?"

"हायेत. काल वैजापूरला वरात होती. उभे होते."

मालक पास झाले. कशाचे मार्क दिले, ते मला आजही सांगता येणार नाही. पदवीच्या कार्यक्रमाला ते आले नाहीत. दाट लग्नतिथी होती. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा आम्हीच टाळ्या वाजवल्या.

मला शेंद्र्याला कंपनीत नोकरी लागली, मनुष्यबळ विभागात. माझ्या टेबलावर आता चौकटी येतात. प्रत्येक चौकटीत माणसांची नावं असतात. मी काम नीट करते, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण कधी कधी पेन हातात धरून बसते आणि कुणीतरी हात वर करील म्हणून वाट बघते.

मागच्या वर्षी आमच्या बॅचच्या ग्रुपवर मालकांचा मेसेज आला, चाचा गेले. शेवटच्या सीझनपर्यंत रांगेत होते, एवढंच पुढं लिहिलं होतं. म्हणजे ठरलं तर होतं. की ठरवलंच नव्हतं आणि सीझन येऊन गेले? मीही सगळ्यांसारखे हात जोडले.

मग या उन्हाळ्यात, कंपनीच्या गाडीतून घरी येताना चिकलठाण्यात वरात आडवी आली. मरून कोट. मी काच खाली केली. मनात म्हटलं, आता अडचण मिटली, रांग एका माणसानं कमी झाली असेल. ना फसवणूक, ना खर्च, ना व्हिडिओ. सगळ्या विषयांचं एका उत्तरावर एकमत व्हावं, असं पहिल्यांदाच झालं होतं.

पहिल्या रांगेत, चाचांच्या जागी, मालक उभे होते. कोट पोटावर ताणलेला, मेंदीच्या केसांवर टोपी, ओठांना चाचांची क्लॅरनेट. गाल फुगत नव्हते. बोटंसुद्धा हलत नव्हती, ती कुठं हलवायची हे त्यांना कधी आलंच नाही. नुसते उभे. सरळ.

त्यांनी मला पाहिलं. तोंड अडकलेलं, त्यामुळं बोलता येईना. भुवया उंचावल्या, डोळ्यांनी हसले. मी गाडीतूनच तळवा पुढं धरून हात वर केला, त्यांच्या सवयीसारखा. मला काहीतरी विचारायचं होतं. पण तेवढ्यात ढोलावर थाप पडली, बँड पुढं सरकला आणि मालक रांगेबरोबर पावलं टाकत गेले. मी पाठमोरी रांग बघत राहिले. तिच्यात कुठंही फट नव्हती.