ताईचा फ्लेक्स

हसू आलं तर हसा, मला आता सवय झालीय. फक्त चहा संपला म्हणून मधेच उठू नका. ही गोष्ट अर्धी ऐकली तर फार आनंदाची वाटते, आणि आमच्या गावानं ती अर्धीच ऐकलीय.

मी फारसं बोलत नाही. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणते, तेही बाईंना ऐकू जात नाही. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. अशा मुलीनं जन्मात एकदाच घरभर ऐकू जाईल असं ओरडून काहीतरी सांगितलं, आणि त्यातच घोळ घातला. आता तुम्हीच सांगा, मी बोलायचं कुणाच्या जिवावर?

झालं असं. माझी ताई नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून ती विट्याच्या एका खासगी दवाखान्यात लागली होती. तिला एम.एस्सी. करायचं होतं, म्हणजे पुढं नर्सिंग कॉलेजात शिकवता येतं. खासगी कॉलेज आम्हाला झेपणारं नव्हतं. सरकारी जागा अगदी थोड्या आणि त्यासाठी मुली अख्ख्या महाराष्ट्रातून. ताईनं एसटीत उभ्या उभ्या अभ्यास केला, परीक्षा दिली, अर्ज भरला. पण दवाखान्यात एका शब्दानं बोलली नाही. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी दुसरी मुलगी बघितली असती. मग इकडं नंबर नाही लागला तर? तिकडची नोकरी पण गेली!

यादी लागली तेव्हा ताई ड्यूटीवर होती. मी पप्पांच्या मोबाईलवर यादी उघडली. वर लिहिलं होतं, 'तात्पुरती गुणवत्ता यादी'. खाली सरकवत सरकवत गेले, गेले, गेले, आणि ताईचं नाव दिसलं. नावाआधी भलामोठा आकडा होता. तो कसला, याचा विचार मी केला नाही असं समजू नका. केला. मला वाटलं, परीक्षेचा बैठक क्रमांक असणार.

"पप्पा, ताईचा नंबर लागला!"

बस्स. एवढंच बोलले मी.

पप्पा फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले. खात्री करून घेणं वगैरे त्यांना अपमान वाटतो. त्यांनी पहिला फोन लावला बाळूकाकांना. बाळूकाका म्हणजे पप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, कडेगावात त्यांचं फ्लेक्सचं दुकान. आमच्याकडं फ्लेक्स कशाला लागत नाही हो? पोरगा भरती झाला, फ्लेक्स. सोसायटीत निवडून आला, फ्लेक्स. बैल शर्यतीत पहिला आला तर बैलाचाही लागतो, आणि बैल त्यात माणसांपेक्षा बरा दिसतो.

ताई संध्याकाळी एसटीतून उतरली तर स्टँडवर समोर तीच उभी. आमच्या घराच्या दारापेक्षा उंच! फोटो आत्याच्या लग्नातला, खांद्यावर कुणाचा तरी कापलेला हात तसाच राहिलेला. बाळूकाकांनी आपल्या मनानं गळ्यात स्टेथोस्कोप चिकटवला होता.

ती तशीच घरी आली आणि मला आत ओढलं.

"यादी तू बघितलीस?"

मी मान हलवली.

"अगं, पास झालेल्या सगळ्या मुलींची नावं असतात त्यात. कॉलेज कुणाला मिळालं ते नंतर लागतं. आणि तो आकडा माझा क्रमांक आहे. माझ्यापुढं किती जणी आहेत बघ जरा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "जा, पप्पांना सांग."

मी गेले. खरंच गेले. अंगणात निम्मं गाव, पेढ्याचे बॉक्स फुटलेले, पप्पांच्या डोक्याला फेटा. मी तोंड उघडलं, तेवढ्यात पप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "हिनंच पयल्यांदा बघितलं नाव. लय हुशार पोरगी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असताना 'मी चुकले' कसं म्हणायचं, हे आम्हाला शाळेत शिकवलेलं नाही. मी एक पेढा घेतला आणि आत आले.

ताईनं विचारलं, "सांगितलंस?"

मी पेढा पुढं केला.

रात्री तिनंच पप्पांना सांगितलं. पप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, लागंल की, यादी यायची हाय अजून. फ्लेक्स राहिला.

तिसऱ्या दिवशी ताईला डॉक्टरांनी बोलावलं. कंपाउंडरच्या स्टेटसवर त्यांनी फ्लेक्स बघितला होता. ताई घाबरत केबिनमध्ये गेली, की आता बोलणी खावी लागणार. बोलणी खाल्ली असती तर बरं झालं असतं! आत सगळा स्टाफ उभा. हार, शाल, नारळ. डॉक्टर म्हणाले, आमच्या छोट्या दवाखान्यातली मुलगी एवढी पुढं जाते, आम्ही तिला अडवून ठेवणार नाही. महिनाभर आधी कळवायची अटही तुला माफ. ताईच्या जागी आलेली मुलगी युनिफॉर्म घालून कोपऱ्यात उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती.

एखाद्याला नोकरीवरून काढतात, हे तुम्ही ऐकलं असेल. सत्कार करून काढलेली माझी ताई एकटीच.

तिनं तिथंच का नाही सांगितलं? मी विचारलं होतं. म्हणाली, "मला पण वाटत होतं गं, लागेल म्हणून." आईनं त्या नारळाच्या वड्या केल्या. कुणी खाल्ल्या नाहीत.

कॉलेजांची यादी आली. ताईचं नाव नव्हतं. तोवर 'लागणारच' म्हणून आई औंधला जाऊन यमाईची ओटी भरून आली होती, नवस पूर्ण झाल्याबद्दल! म्हणजे देवीलासुद्धा आम्ही खोटी बातमी दिली.

आता गावाला सांगायचं कोण? पप्पा म्हणाले, "फ्लेक्स उतरवला तर गाव इचारनारच." मग फ्लेक्स उतरवण्यापेक्षा ताईलाच गावातून हलवायचं ठरलं. सोपं होतं ना ते! सांगलीत एका दवाखान्यात तिला कमी पगाराचं काम मिळालं, राहायला मैत्रिणीची खोली. गाव समजलं, पोरगी कॉलेजला चालली. बायकांनी ओवाळलं, पोरांनी बॅगा एसटीत चढवल्या, बाळूकाकांनी खिडकीतून हार घातला. ताई हार घालून, फ्लेक्ससमोरून, नसलेल्या कॉलेजला गेली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

वर्षभर मी एकच वाक्य बोलत होते, "बरं चाललंय तिचं." एकदा आमच्या शेजारच्या शांताकाकू पाय मोडलेल्या भावाला घेऊन सांगलीला गेल्या, तर वॉर्डात ताईच समोर. ताईनं सांगितलं, प्रॅक्टिकल आहे. काकू गावात येऊन म्हणाल्या, "लय प्रॅक्टिकल करून घेत्यात पोरीकडनं, वाळून गेलीया."

यंदा ताईनं पुन्हा परीक्षा दिली. रात्रपाळ्या करून दिली. मला सांगितलंसुद्धा नाही, आणि बरोबरच आहे. परवा तिचा मेसेज आला, "सरकारी कॉलेज मिळालं. कॉलेजचं नाव, माझं नाव, सगळं स्वतः बघितलं. तू ओरडू नकोस."

मी ओरडले नाही. मोबाईल नुसता पप्पांसमोर धरला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून वाचला. हसले. डोळे पुसले. आणि मग एकदम त्यांचा चेहरा पडला.

"आरं देवा," ते म्हणाले, "दोन वर्साचा कोर्स. गावाच्या हिशेबानं एक वरीस झालं की तिचं. आनखी दोन वर्सं कशाची सांगायची?"

खरंच की! पेढे वाटायचे कसे? जी पोरगी वर्षापूर्वी कॉलेजला लागली, ती यंदा परत लागली म्हणून?

आम्ही तिघांनी दुपारभर डोकं चालवलं. सुचलं ते एकच. फोनवर ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "सांगा तसंच. मला काय, मी इथं आहे."

काल मी गिरणीत दळण घेऊन गेले. शांताकाकू होत्याच. त्यांनी विचारलं, "काय गं, ताईचं एक वरीस उरलं न्हवं आता?"

गिरणी चालू होती, त्यामुळं मला मोठ्यानं बोलावं लागलं. जन्मात दुसऱ्यांदा.

"नाही काकू. ताई नापास झाली. पहिलं वर्ष परत करायचंय."

गिरणीतल्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं. काकूंनी माझ्या गालावरून पिठाचा हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे. तू तरी ताईवर जाऊ नगंस. तू हुशार हाईस."