पंधरा राउंडचे मामा

ठोसा या विषयावर हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मामांइतक्या अधिकाराने बोलणारा आणि जन्मात कुणाला साधी चापटही न मारलेला दुसरा माणूस अख्ख्या कोलकात्यात सापडायचा नाही. बँकेच्या बदलीवर मामा इथे आले, बालीगंजला फ्लॅट घेतला आणि निवृत्त झाल्यावरही पुण्याला परतले नाहीत. घरात झुरळ निघालं तर ते खुर्चीवर चढून मामींना हाक मारतात. पण टीव्हीवर जुन्या काळातला एखादा कृष्णधवल बॉक्सिंगचा सामना लावला की याच मामांच्या डोळ्यांत असं काही तेज चढतं, की समोरच्या माणसाने आपला चहाचा कप जरा मागे सरकवून घ्यावा.

मामांचा सिद्धान्त एका वाक्यात सांगता येतो: जुने ते बॉक्सर, हल्लीचे ते पगारदार. "पूर्वी पंधरा राउंड खेळायचे, आता बारा. तीन राउंड गेले कुठे?" हा प्रश्न ते अशा संशयाने विचारतात, की ऐकणाऱ्याला आपणच ते लांबवल्यासारखं वाटावं. गरियाहाटच्या भाजीवाल्यालाही त्यांचं हे बंगालीत विचारून झालं आहे. रक्त आलं म्हणून सामना थांबवणारा पंच दिसला की "हा पंच आहे की नर्स?" असं म्हणून ते टीव्हीकडे पाठ फिरवतात.

पण मामा नुसते कुरकुरणारे नाहीत. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा वीर आजच्या विजेत्यासमोर उभा केला तर काय होईल, या विचाराने त्यांची झोप उडते, आणि मग रविवारी मला बोलावणं येतं. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली म्हणजे जुना, मिरपुडीची म्हणजे नवा. नव्याची बाजू मी मांडायची. राउंडची घंटा म्हणजे स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी. वरणाला शिट्ट्या कमी, त्यामुळे किरकोळ सामने वरणावर उरकतात आणि प्रतिष्ठेच्या लढतींसाठी मामींनी राजमा भिजवण्याची वाट पाहावी लागते. नियम अगदी न्यायाचे असतात. नव्याचा आहारतज्ज्ञ काढून घ्यायचा, त्याला दिवसभर गोदीत हमाली करायला लावायची, पातळ हातमोजे द्यायचे आणि मग रिंगमध्ये सोडायचं. "आणि जुन्याला हल्लीचं काय द्यायचं?" मी एकदा विचारलं. "त्याला कशाला काय लागतंय, जावईबापू?" मामा म्हणाले. मिरपूड आजवर एकदाही जिंकलेली नाही.

या टेबलाशी बसून वरणभात खात मामांची नात वाढली. मुलाची मुलगी, आता कॉलेजात आहे. मराठी थोडं कोलकात्याच्या वळणाचं, पण ठोशांची नावं मात्र बाराखडीआधी पाठ. दोन वर्षांपूर्वी ती घरात कुणाला न विचारता बराकपूरच्या एका क्लबात बॉक्सिंग शिकायला जाऊ लागली आणि पहिली बातमी तिने आजोबांनाच दिली. मामांनी विचारलं, "किती राउंड?" ती म्हणाली, "तीन." मामा हसले. "तीन राउंडांत घाम तरी येतो का गं? त्यातून डोक्याला हेल्मेट!" ते थट्टेत बोलले होते. ती मात्र हसली नाही. त्या दिवसापासून तिने या विषयावर आजोबांशी बोलणंच टाकलं. घरातली ती एकटीच त्यांच्या वेडाला भुललेली होती, आणि नेमकी तीच गप्प झाल्यावर मामांना मिठाची बाटली उचलावीशी वाटेना. चूक कळत होती, पण कबूल करायची तर आयुष्यभराचा सिद्धान्त मोडत होता.

शेवटी मामींनी सूत्रं हाती घेतली. क्लबच्या स्पर्धेच्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "यांना घेऊन जा. आणि तोंड बंद ठेवायला सांगा."

बराकपूरच्या त्या हॉलमध्ये पहिला राउंड मामांनी खरंच तोंड बंद ठेवून काढला. फक्त एकदा "डावा हात खाली येतोय" असं पुटपुटले. दुसऱ्या राउंडमध्ये समोरच्या मुलीचा ठोसा नातीच्या नाकावर बसला आणि रक्ताची एक बारीक धार ओठावर आली. मामा ताडकन उठले. "थांबवा! अहो, रक्त आलंय! पंच झोपलाय का?" सगळं शुद्ध पुणेरी मराठीत. शेजारचे बंगाली गृहस्थ त्यांचा हात धरून "बोशुन दादू, बोशुन" म्हणत त्यांना खाली बसवू लागले. मामा बसले आणि मला म्हणाले, "हे हेल्मेट नाकावरून का नसतं हो?" रिंगमधल्या नातीने तो आवाज ओळखला. तिने क्षणभर इकडे पाहिलं, आणि त्या नादात आणखी एक ठोसा खाल्ला.

ती गुणांवर हरली.

परतीच्या सियालदा लोकलमध्ये ती आमच्या दोघांच्या मधे बसली होती, नाकात कापसाचे बोळे. गाडी सुटली. मग तीच म्हणाली, "आजोबा, खरं बोला. तीन राउंडांत घाम येतो की नाही?"

"मला आला," मामा म्हणाले.

ती हसली आणि लगेच नाक धरून कळवळली. "मग जुन्या लोकांसमोर मी कशी?"

मला वाटलं, आता पंधरा राउंड निघणार. मामा मात्र तिच्या नाकातल्या बोळ्यांकडे बघत म्हणाले,

"त्यांचं काय सांगू? इतकी वर्षं त्यांना मार खाताना आरामात बघत बसलो. त्यांच्यातलं कुणी माझं नव्हतं." मग खिशातला रुमाल काढून तिच्या हातात देत ते हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी मला परत ने. मी डोळे मिटून बसेन, पण ने."