रोवण्याचं शेवटचं जेवण

भुताखेताचा विषय निघाला की मी चहा सांगायला उठतो. भंडाऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करतो, डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायची सवय. तरीही हे लिहितोय...

माझी सुमनताई अड्याळजवळच्या खेड्यात दिलेली. कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता. तिने अन्न सोडलं, अंगावर मांस राहिलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं – आता तिचं शरीर अन्न घेणारच नाही, बळजबरी केली तर घास छातीत जाईल. भाऊजींना ते पटतच नव्हतं. त्या दुपारीही ते पेजेची वाटी घेऊन बसले होते. ताई ओठ घट्ट मिटून पडलेली, पेज गालावरून ओघळत होती.

"भाऊजी, राहू द्या ना."

"उपाशी मरू देऊ का तिले?" ते माझ्यावरच खेकसले. मला त्यांचा राग आला, तरी मी गप्प उठून ताईचा गाल पुसला.

थोड्या वेळाने ताई गेली. शांतपणे, श्वास लांबत लांबत.

त्याच दिवशी शेतात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपत होता. शेवटच्या दिवशी घरधनीण रोवणाऱ्या बायांना स्वतः वाढते, मग त्यांच्यातच बसून जेवते. ताई उठू शकत नव्हती, म्हणून भाऊजींनी भात आणि मासोळीचा रस्सा शेतावर पाठवून दिला होता. टोळीतल्या बाया जेवणाची रिकामी पातेली, गंज घेऊन हसतखिदळत अंगणात आल्या. पुढे होती शेवंताबाई, रोवण्याची टोळी तीच आणायची. आतलं दृश्य पाहून ती दारातच थबकली.

"असं कसं? आत्ताच त आमच्यासंग जेवली बाई... बांधीच्या धुऱ्यावर, गवतात बसून! आमाले वाटलं, तुमीच गाडीवर आणून सोडली."

बाकीच्या बायाही तेच म्हणाल्या. पुढे मी एकेकीला वेगळं गाठून विचारलं – कुणाच्याच बोलण्यात फरक नाही. एकीला भास झाला म्हणता येईल, अख्ख्या टोळीला? ताई तर माझ्या डोळ्यांसमोर खाटेवर होती.

भाऊजींनी मात्र कसं, कधी, काहीच विचारलं नाही. शेवंताबाईकडे बघत एवढंच म्हणाले, "पोटभर जेवली का?"

"दोनदा भात घेतला जी. रस्सा मांगून घेतला."

तेव्हा कुठे ते रडले.

आजही कोणी भेटायला आलं की डॉक्टर काय म्हणाले होते ते सगळं मीच सांगतो. भाऊजी मध्येच थांबवतात. "उपाशी नाही गेली जी ते," म्हणतात, "जेवून गेली."