बर्फावरच्या भाकऱ्या

सकाळी सात वीसला डोळखांबच्या घरात वाल्मिक तांदळाच्या पिठाची वाफाळती उकड मळत होता. शहापूरच्या स्की क्लबची अठरा माणसं दर फेब्रुवारीत उत्तराखंडात औलीला जातात, दिवसभर बर्फावर घसरतात आणि संध्याकाळी त्यांना भाकरी लागते. सात वर्षं आचारी तोच. गेल्या वर्षी तिथं उघड्यावर भांडी घासताना त्याची बोटं बधिर झाली, ती तशीच राहिली. हे फक्त त्याच्या बायकोला, चंदाला ठाऊक होतं.

क्लबचे सेक्रेटरी शेखर सर शिधा न्यायला आले होते.

"वाल्मिक, जरा निवू दे की. हात भाजेल."

"सवय हाय, सर."

"कसली सवय?" चंदा चुलीपासून म्हणाली. "कढईत घातले तरी ह्यांना कळायचं नाय. हात बघा."

सरांनी त्याचा तळवा उलटा केला. बोटांवर ताजे फोड होते.

"या वर्षी तू येऊ नकोस. बोटं गमावशील."

"मग भाकऱ्या कोन थापील? तुमी?"

"चंदावहिनी येतील?"

"मी? नि म्हशीची धार?"

"काढीन मी," वाल्मिक म्हणाला.

'येऊ नकोस' असं ऐकून आपल्याला वाईट वाटेल, अशी त्याची वर्षभर समजूत होती. तसं काहीच झालं नाही. त्यानं परात चंदाकडे सरकवली आणि ट्रंकेतून आपली कानटोपी नि लोकरी मोजे काढून तिच्या पिशवीत घातले.

उद्या सकाळी सहाला क्लबची बस चंदाला घेऊन शहापूरहून सुटेल. दूध डेअरीवर सातपर्यंत घेतात, त्याआधी वाल्मिकला म्हशीची धार काढायची आहे.