नकाराची तालीम

तात्या मुळ्यांच्या घरी चहा हवा असेल तर आधी तात्यांना झिडकारावं लागे. "बसा, शेठजी व्हा," ते म्हणायचे, "आणि नाही म्हणा. मनापासून म्हणा, भिया, लाजू नका!" जुन्या इंदूरमधल्या त्या खोलीत मी, शेजाऱ्यांनी, एकदा तर खुद्द त्यांच्या सासऱ्यांनीही त्यांना हाकलून दिलं होतं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या "नहीं चाहिए!"ला मात्र तोड नव्हती. त्यात सबंध संसार बोलायचा.

तीन पिढ्या संस्थानी कचेरीत गेल्या. मुळ्यांकडे विकणं सोडाच, भाजीचा भाव करणंही कमीपणाचं. संस्थान विलीन झालं, तात्यांची जागा गेली आणि हा देवमाणूस माझ्यासोबत कंदिलाच्या एजन्सीत आला. महिने लोटले, ऑर्डर एक नाही; म्हणूनच घरात नकाराची ती तालीम. शेवटी मॅनेजरनं बजावलं, "हातोद गावच्या दुकानाची ऑर्डर आणा, नाहीतर दुसरी नोकरी बघा." काकूंनी देव पाण्यात ठेवले. तात्या म्हणाले, "अगं, घाबरतेस काय? जगातले सगळे नकार पाठ आहेत मला."

हातोदच्या मोटारीत ते जप केल्यासारखे पुटपुटत होते. दुकानात शेठनं कंदील उचलला, काचेवर टिचकी मारली. "बढ़िया है. भेज दो."

झालं! ऑर्डर लिहायची सोडून तात्या कंदीलच पुसायला लागले. मी कोपरानं ढोसलं, तसे म्हणतात कसे, "ऐसे कैसे, शेठजी? पहले सोचिए तो! काँच फूट गई तो? तेल ज्यादा पी गया तो?"

शेठ चपापला. "माल में खोट है क्या? फिर रेने दो. नी चइये."

तात्यांची नोकरी मी मनातल्या मनात स्मशानात पोचवूनही आलो. तात्यांचा चेहरा मात्र उजळला. मांडी ठोकून बसले आणि काचेपासून वातीपर्यंत असे काही बोलत सुटले, की शेवटी शेठनंच हात जोडले, "महाराज, दुगने भेज दो, पर अब चुप हो जाओ!"

बाहेर मी त्यांना मिठीच मारली. ओट्यावर टेकत ते म्हणाले, "नकार सगळे पाठ होते रे. पण कुणी मला हो म्हणेल, हे आमच्या घरात कुणाच्या मनातच आलं नव्हतं. माझ्यासुद्धा."

मी हसायला तोंड उघडलं आणि आठवलं, त्या तालमीत हो तर मीही कधी म्हटलं नव्हतं.